प्रबंध, परीक्षक आणि वऱ्हाड : पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

प्रबंध पूर्ण होणे आणि प्रबंध सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बांधणी होऊन प्रबंधाच्या प्रती विद्यापीठात जमा झाल्या की संशोधकाला कार्य संपल्याचे समाधान वाटते. परंतु त्यानंतर परीक्षकांचे अहवाल आणि अखेरीस मौखिक परीक्षा हा टप्पा उरतोच. आपण जे लिहिले ते दुसऱ्या अभ्यासकासमोर उभे राहून सांगता येते काय, हा प्रश्न या परीक्षेच्या मुळाशी आहे. वऱ्हाडाशी संबंधित विद्वानांच्या उदाहरणांतून या परीक्षेचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार या भूमीला परका नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवल्या होत्या, त्या व्यक्तींकडे जाऊन त्यांनी त्या मिळविल्या आणि नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची शहानिशा केली. साक्षीदाराला विचारल्याशिवाय आणि जाणत्यापुढे मांडल्याशिवाय मजकूर ग्राह्य मानायचा नाही, ही संशोधनाची शिस्त मराठी गद्याच्या उगमापाशीच आढळते.

पदवीचा पूर्वेतिहास

संशोधनावर आधारित पीएच.डी. ही पदवी तुलनेने अर्वाचीन आहे. तिचे आधुनिक स्वरूप एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत घडले. अमेरिकेत येल विद्यापीठाने ती 1861 मध्ये प्रथम दिली. इंग्लंडने मात्र दीर्घकाळ तिचा स्वीकार केला नाही. ऑक्सफर्डने 'डी.फिल.' या नावाने ती 1917 मध्ये सुरू केली. हा कालक्रम लक्षात घेतल्यास विसाव्या शतकाच्या आरंभी सामाजिक शास्त्रांत डॉक्टरेट करू इच्छिणारे मराठी विद्यार्थी अमेरिकेकडे का वळले आणि त्यानंतरच्या पिढीला ऑक्सफर्डचा मार्ग कसा खुला झाला, याचा उलगडा काही अंशी होतो.

अमरावती ते कॉर्नेल

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर (1884–1937) यांचे बालपण व शालेय शिक्षण अमरावतीस झाले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात काही काळ शिकून ते 1906 मध्ये अमेरिकेस गेले आणि 1911 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळविली. भारतातील जातिसंस्था हा त्यांच्या तेथील अभ्यासाचा विषय होता. त्यांच्या 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' या ग्रंथाचा पहिला खंड पदवी हाती येण्यापूर्वीच, 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची खरी परीक्षा पुढे एका मराठी विद्यार्थ्यानेच घेतली. कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात मे 1916 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात सेनार्ट, नेसफिल्ड व रिस्ले यांच्या व्याख्यांबरोबर केतकरांच्या व्याख्येचीही चिकित्सा आहे. जातीचे सभासदत्व जन्माने मिळणे आणि जातीबाहेर विवाहाला बंदी असणे ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे आंबेडकरांनी दाखविले. या चिकित्सेने केतकरांचे महत्त्व कमी झाले नाही. मान्यवर पाश्चात्त्य अभ्यासकांच्या पंक्तीत बसवून त्यांना प्रश्न विचारला गेला, हाच त्यांच्या प्रबंधाचा सन्मान होता.

परीक्षकांचा आक्षेप

परीक्षकांनी आक्षेप घेतला असता संशोधकाने काय करावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्वतः आंबेडकरांचेच आहे. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर 1922 मध्ये लंडन विद्यापीठास सादर केला. ब्रिटिश राजवटीच्या चलनविषयक धोरणावरील त्यातील टीका परीक्षकांना रुचली नाही व प्रबंध पुन्हा लिहिण्यास सांगण्यात आले. दरम्यान 1923 च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. अर्थार्जनाची चिंता समोर असताना त्यांनी प्रबंधाची पुनर्रचना केली, भाषा सौम्य केली, परंतु निष्कर्ष कायम ठेवले. ऑगस्टमध्ये पाठविलेला हा प्रबंध नोव्हेंबर 1923 मध्ये स्वीकारला गेला. तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच आपले मतभेदही नोंदविले. शिष्याशी असहमत असूनही त्याच्या ग्रंथाचा पुरस्कार करणारा मार्गदर्शक आणि गुरूचा आदर राखूनही आपल्या निष्कर्षावर ठाम राहणारा शिष्य, असे हे नाते आहे. पुढे 1925 मध्ये भारतीय चलनविषयक शाही आयोगासमोर आंबेडकरांनी साक्ष दिली. प्रबंधातील प्रतिपादन राज्यकर्त्यांच्या प्रश्नांसमोर मांडण्याचा तो प्रसंग म्हणजे एका अर्थी त्या प्रबंधाची दुसरी मौखिक परीक्षाच होती.

पापळ ते ऑक्सफर्ड

डॉ. पंजाबराव देशमुख (1898–1965) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते इंग्लंडला गेले. एडिंबरो येथे एम.ए., ऑक्सफर्ड येथे डी.फिल. आणि बॅरिस्टर अशा तीन पदव्या त्यांनी संपादन केल्या. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 1933 मध्ये प्रकाशित केला आणि संस्कृतचे ख्यातनाम पंडित ए. बी. कीथ यांनी त्यास प्रस्तावना लिहिली.

विषयाची ही निवड विचार करण्यासारखी आहे. ज्या समाजात वेदाध्ययनाचा अधिकार जन्मावरून ठरविला जात होता, त्या समाजातील एका कुणब्याच्या मुलाने वेदांनाच संशोधनाचा विषय केले. 'उगम आणि विकास' या शब्दांतच एक भूमिका आहे. ज्याला उगम आणि विकास आहे, त्याला इतिहास आहे. आणि ज्याला इतिहास आहे, ते अपरिवर्तनीय मानता येत नाही.

या भूमिकेची कसोटी ग्रंथालयाबाहेर लागली. पंजाबराव मायदेशी परतले, त्यानंतर लगेचच अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ उभी राहिली. त्यानिमित्त नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले. पंजाबराव या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. धर्माचा इतिहास अभ्यासलेला विद्वान मंदिराच्या दारात कोणती बाजू घेतो, हा प्रश्न वऱ्हाडाने त्यांना विचारला आणि त्याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय, पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि 1952 ते 1962 या काळातील केंद्रीय कृषिमंत्रिपद ही त्याच उत्तराची पुढील प्रकरणे होत.

परीक्षागृह वऱ्हाडात

आपल्या प्रबंधाची परीक्षा देण्यासाठी या पिढीला समुद्र ओलांडावा लागला. नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये स्थापन झाल्यावर हे अंतर बरेच घटले. अकोला येथे 1969 मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पंजाबरावांचेच नाव आहे. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. आज ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, परंतु कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेणाऱ्या संताचे नाव विद्यापीठास असावे, यात मोठे औचित्य आहे. गाडगेबाबांचे कीर्तन ही देखील एक खुली मौखिक परीक्षाच होती.

आजची मौखिकी

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009, 2016 आणि 2022 मध्ये पीएच.डी.संबंधी नियम केले. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षक, शिक्षक व संशोधक विद्यार्थी यांना खुली असलेली मौखिक परीक्षा आणि पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची प्रत 'शोधगंगा' या संग्रहात ठेवणे, अशी ही व्यवस्था आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती 2022 च्या नियमांत राहिली नाही. त्यामुळे प्रबंधाची जाहीर तपासणी होण्याचे ठिकाण म्हणून मौखिकीचे महत्त्व आता अधिकच वाढले आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत ज्या मौखिक परीक्षांना उपस्थिती लावली, त्यांपैकी अनेक ठिकाणी प्रश्नोत्तरांपेक्षा सत्कार अधिक लांबला. शाल-श्रीफळ, छायाचित्रे आणि भोजनाची व्यवस्था यांत उमेदवार गुंतलेला असतो. सभागृहात नातेवाईक असतात. विषयाचे अभ्यासक मात्र अभावानेच आढळतात. 'या विषयाची निवड का केली?' अशा एकदोन प्रश्नांत सभा आटोपते. कुटुंबातील पहिल्या पदवीधराच्या आईवडिलांनी तो सोहळा पाहावा, यात गैर काहीच नाही. तो त्यांचा हक्कच आहे. परंतु ज्या मुलाने सात-आठ वर्षे नोकरी सांभाळून दप्तरखाने धुंडाळले, त्याला एकही कठीण प्रश्न न विचारणे हा त्याच्यावर केलेला उपकार नव्हे. त्यातून त्याच्या श्रमांची उपेक्षाच होते.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परीक्षकाचा आक्षेप हा प्रबंधाचा शेवट नसतो. शब्द बदलूनही निष्कर्षाशी प्रामाणिक राहता येते, हे आंबेडकरांच्या उदाहरणावरून दिसते. दुसरी, चिकित्सा हा सन्मानाचाच प्रकार आहे. केतकरांच्या ग्रंथाला तो लाभला. तिसरी, पदवीनंतर समाज जो प्रश्न विचारतो तोच अंतिम असतो. पंजाबरावांना तो मंदिराच्या दारात आणि शेताच्या बांधावर विचारला गेला.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती यातील एक गोष्ट निश्चित आहे. आपल्या परिसरात होणाऱ्या मौखिक परीक्षेला, विषय आपला असो वा नसो, गोषवारा वाचून उपस्थित राहावे आणि किमान एक खरा प्रश्न विचारावा. रिद्धपूरच्या परंपरेतील शहानिशा याहून फारशी वेगळी नव्हती. वऱ्हाडातील विद्यार्थ्याला परीक्षेसाठी आता समुद्र ओलांडावा लागत नाही. मात्र त्या परीक्षेचे मोल टिकविण्याची जबाबदारी त्यामुळेच आपल्यावर आली आहे.