मुखेडच्या लेकीच्या हाती झेंडा

२८ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं. संचलनात भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल, दुसऱ्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. सुमितचं नाव टोकियोच्या सुवर्णपदकामुळे देशाला ठाऊक होतं. भाग्यश्री मात्र आमच्या देगलूरला लागून असलेल्या मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या. पॅरालिम्पिक पदकविजेत्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही. म्हणूनच हा इतिहास लिहून ठेवावासा वाटतो.

पॅरालिम्पिकचं मूळ युद्धातल्या जखमांत आहे. १९४८ साली इंग्लंडच्या स्टोक मँडविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांच्या स्पर्धा घेतल्या. १९६५च्या युद्धात जायबंदी झालेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण जिंकले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. सरकारला त्यांना पद्मश्री द्यायला २०१८ साल उजाडलं!

भाग्यश्रींचा प्रकार ‘एफ ३४’, म्हणजे बसून गोळाफेक. खेळाडूची लोखंडी खुर्ची जमिनीला पट्ट्यांनी घट्ट आवळतात. बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. फेकताना बैठक सुटली तर फेक बाद. धाव नाही, गिरकी नाही. पायांचा जोर जवळपास नाहीच, त्यामुळे सगळी भिस्त खांदा, पाठ आणि मनगटावर.

टोकियोत २०२१ साली त्यांनी ७.०० मीटर फेक करून सातवा क्रमांक मिळवला. २०२३च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७.५४ मीटर, रौप्य. मे २०२४मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत ७.५६ मीटर, पुन्हा रौप्य. पावणेतीन वर्षांत ५६ सेंटिमीटर वाढले. वाचायला हे वीतभर-दोन वीत वाटेल, पण खुर्चीला जखडलेल्या शरीराने ते कमावलेले आहेत. पॅरिसमध्ये ७.२८ मीटर फेक झाली, पाचवा क्रमांक आला. त्याच पॅरिसमध्ये आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. त्यांचं सुवर्ण अवघ्या ६ सेंटिमीटरने हुकलं. पदक आलं की सत्कार होतात, पाचव्या क्रमांकाची बातमी मात्र दोन ओळींत संपते.

आपल्या समाजाकडे वळून पाहिलं तर काय दिसतं? अपंग माणूस जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात भेटतो, मैदानात भेटत नाही. आपण त्याला खैरात देतो आणि सवाब मिळाला म्हणून समाधानाने घरी जातो. इस्लामचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) अजान देत. पैगंबर (स.) मदिनेबाहेर जाताना शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. कादिसियाच्या लढाईत ते झेंडा धरून उभे होते, असं परंपरा सांगते. त्यांना दयेने बाजूला बसवलं नव्हतं, काम दिलं होतं.

देगलूर, मुखेड, बिलोलीच्या मोहल्ल्यांत आणि वाड्यांत अशी कितीतरी मुलं-मुली घरात बसून आहेत. तीन किलोचा गोळा, जमिनीत रोवलेले चार खुंट आणि गावातला वेल्डर करून देईल अशी एक खुर्ची, सुरुवातीला एवढंच लागतं. त्यांना मैदानापर्यंत कोण घेऊन जाणार, हे आपल्याला ठरवायचं आहे.