पाठीवरची खाच

डॉल्फिन मोजायचे म्हणजे काय करायचं? समुद्रात दिसते ती पाठ आणि तिच्यावरचा पर, तोही दोनेक सेकंद. सकाळी दहा दिसले, दुपारी दहा दिसले. मग ते वीस, की तेच दहा?

१९७० साली फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथे ब्लेअर अर्विन यांनी डॉल्फिन पकडून त्यांना टॅग लावायला सुरुवात केली. मदतीला रँडल वेल्स हा शाळकरी स्वयंसेवक होता. (पुढे हाच मुलगा त्या प्रकल्पाचा प्रमुख झाला.) टॅग लावलेले १२ डॉल्फिन पुन्हापुन्हा तिथेच दिसू लागले, तेव्हा ते त्या भागातले कायमचे रहिवासी असल्याचं कळलं. पण टॅग टिकत नसत, आणि निघताना कधी परही फाटे.

दुसरा मार्ग अर्जेंटिनात सापडला. बर्न्ड आणि मेलनी वुर्सिग या जोडप्याने १९७४ ते १९७६ या काळात सान होसे आखातात डॉल्फिनला हात न लावता नुसते फोटो काढले. पराची मागची कड पातळ असते. शार्कचा चावा, आपसातली भांडणं, बोटीचा पंखा यांनी तिला खाचा पडतात आणि त्या वर्षानुवर्षं राहतात. त्या जुळवून त्यांनी ५३ डॉल्फिन ओळखले आणि १९७७ साली ‘सायन्स’मध्ये निबंध छापला.

तेव्हापासून अशा पाहण्यांमध्ये कॅमेरा धरणाऱ्याला महत्त्व आलं. स्वयंसेवकाला ते काम रटाळ वाटू शकतं. बोट डॉल्फिनला समांतर, ऊन पाठीशी, लेन्स पराला काटकोनात. उंच उडीचा देखणा फोटो इथे फारसा कामाचा नाही. आणि मुख्य म्हणजे निवड करायची नाही. ठळक खाचवालेच टिपले, तर गुळगुळीत पर किती हे कळत नाही आणि एकूण संख्येचा अंदाज फसतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सॅम्पलिंग बायस म्हणतो आणि तरीही सर्रास करतो.

या चिकाटीचं फळ मोठं आहे. सॅरासोटात निकलो नावाची मादी ६७ वर्षं जगल्याची नोंद आहे.

आता संगणक कडा ताडून संभाव्य जोड्या सुचवतो. शेवटचा निर्णय माणूसच घेतो. पिल्लांचं मात्र अवघड. त्यांचे पर कोरे, म्हणून ती ओळखायची सोबतच्या आईवरून. तिथली पिल्लं साधारण तीन ते सहा वर्षं आईजवळ राहतात. तेवढ्यात एखादी खाच पडली नाही, तर वेगळं झालेलं पिल्लू फोटोत असूनही कोण ते सांगता येत नाही.