आकड्याआधी कारण

यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यावरचा लेख बहुतेकदा पाऊस, भाव किंवा आत्महत्यांच्या आकड्याने सुरू होतो. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना तसं केलं नाही. उपोद्घाताच्या अगदी सुरुवातीला त्यांनी एक साखळी मांडली: विद्येच्या अभावापासून थेट दारिद्र्यापर्यंत, एका कारणातून दुसरं.

कोडमधला बग शोधताना आपण एररपासून मागे मागे जातो. फुले मूळ कारण आधीच वाचकाच्या हाती देतात. त्यामुळे पुढे भटकामगार, सावकार, गोरे अंमलदार येतात, तेव्हा त्यांचा धागा आपल्याला सापडलेला असतो.

सुरुवात आकड्याने केली, तर वाचक हळहळतो. कारणाने केली, तर तो जाब विचारतो. फुल्यांना जाब हवा होता.