कॅन्सरचं जनुक आणि त्याची मालकी

आपल्याकडे घरातल्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला की पहिली कुजबुज काय असते? "बाहेर बोलू नका, पोरींची लग्नं व्हायची आहेत." हा आजार रक्तातूनच येतो, असा समज. तो थोडाच खरा आहे. किती खरा, हे कळायला शंभरावर वर्षं लागली.

१८६६ मध्ये पॅरिसचे सर्जन पॉल ब्रोका यांनी आपल्या बायकोच्या माहेरची वंशावळ मांडली. पिढ्यान्‌पिढ्या बायका याच आजारानं गेलेल्या. हा योगायोग नाही, हे त्यांना दिसलं. कारण सापडायला त्या काळी साधनंच नव्हती.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या संशोधक बाईंनी हाच धागा धरला. एका जनुकामुळे एवढा मोठा आजार होईल, हे तेव्हा बहुतेकांना पटत नव्हतं. बाई मागे हटल्या नाहीत. १९९० मध्ये २३ कुटुंबांतल्या १४६ रुग्णांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवून दिलं, की दोष १७ व्या गुणसूत्रावर आहे. त्या जनुकाला नाव मिळालं बीआरसीए-१.

हे जनुक तुमच्या-माझ्यात, सगळ्यांत असतं. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. ते जन्मतःच बिघडलेलं असेल तर दुरुस्ती नीट होत नाही आणि धोका खूप वाढतो.

आता खरी मेख ऐका. १९९४ मध्ये हे जनुक नेमकं हुडकून काढलं मिरियड जेनेटिक्स या कंपनीच्या चमूनं. कंपनीनं पेटंटं घेतली. मग अमेरिकेत ही तपासणी जवळपास एकाच दुकानात, तीन हजार डॉलरच्या वर! दुसऱ्या लॅबकडून खात्री करून घ्यायचीही सोय नाही. जनुक बाईच्या अंगातलं, हक्क कंपनीचा.

डॉक्टर, संशोधक आणि रुग्ण बायका कोर्टात गेल्या. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की निसर्गात असलेलं जनुक नुसतं वेगळं काढलं म्हणून त्याचं पेटंट मिळत नाही. लगेच दुसऱ्या लॅब तपासणीत उतरल्या, दर उतरू लागले.

तिथं कंपनीनं लावलेलं कुलूप कोर्टानं काढलं. आपल्या घरातलं कुलूप मात्र आपणच लावलंय.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत असा वारसा साधारण पाच ते दहा जणींचाच असतो. म्हणजे घरात कुणाला नव्हता म्हणून निर्धास्त राहू नका, आणि आईला झाला म्हणून पोरीला होणारच असंही नाही. दोन, दोष बापाकडूनही येतो. आई किंवा बापात असेल तर मुलात येण्याची शक्यता निम्मी. तेव्हा आत्या, आजीची आठवणही डॉक्टरांना सांगा. तीन, घरात कमी वयात किंवा दोघी-तिघींना हा आजार झाला असेल तर जनुकीय सल्ला घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तो मिळतो.

पोरीचं लग्न महत्त्वाचं आहेच. पण आधी पोर जगली पाहिजे ना!