गहाण पडलेले घर

आमच्या माणगावात दिवेलागणीला कुठल्याही वाडीवरून जावे, कबड्डीचा दम कानी पडतोच. हा खेळ रायगडच्या पोरांच्या हाडीमाशी खिळलेला. परवा दहावीतला एक दांडगा पोरगा, गुडघ्याची माती न झटकताच मला विचारता झाला, "गुरुजी, खेळून पोट भरतं का?"

मी त्याला खाशाबा जाधवांची हकीकत सांगितली.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. तेव्हा कुस्तीचा पहिला धडा घरीच मिळाला. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले. तांबड्या मातीत वाढलेला हा गडी तिथे गादीवर उतरला, आणि तरीही सहावा आला.

१९५२ ची हेलसिंकीची वारी मात्र पैशापाशी अडली. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, ती पुरेना. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. मास्तराचे घर कसे उभे राहते हे मी जाणतो. शिष्याच्या मनगटाच्या भरवशावर ते पणाला लावणे सोपे नव्हे.

हेलसिंकीत कॅनडाचा आणि मेक्सिकोचा मल्ल खाशाबांनी लोळवला. जपानच्या इशीशी झालेली झुंज लांबली आणि हातची गेली. दम खाण्याआधीच सोव्हिएत मल्लाशी उभे राहावे लागले. नियमाने मिळणारी विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. तरी कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले.

कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे १९५५ साली खाशाबा पोलिसांत फौजदार झाले. बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघाताने त्यांना नेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले २०१० साली.

"म्हणजे पोट भरलं, पण नोकरीनं," मी म्हणालो. "आता काळ पालटला. २०१४ पासून कबड्डीपटूंवरही लाखांच्या बोली लागतात. पण बोली लागते ती मोजक्यांवर. तेव्हा पुस्तक सोडू नकोस."

पोराचे लक्ष माझ्या उपदेशाकडे नव्हतेच. त्याने विचारले, "त्या प्राचार्यांचं घर सुटलं का, गुरुजी?"

"सुटलं," मी म्हणालो. "पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले, आणि त्या पैशानं गुरूचं घर सोडवलं."

पोरगा क्षणभर उभा राहिला. मग मान हलवून, आला तसा मैदानाकडे पळाला.