पायाखालचा आधार : जलतरणातील सुराचा इतिहास

ऑगस्ट २०१८. जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धा. पुरुषांच्या ५० मीटर मुक्तशैलीच्या अंतिम फेरीत कोल्हापूरचा वीरधवल खाडे २२.४७ सेकंदांत भिंतीला पोहोचला. तहसीलदारपदाच्या नोकरीत काही वर्षे घालवून तो पुन्हा पाण्यात उतरला होता. जपानच्या शुनिची नाकाओची वेळ होती २२.४६ सेकंद, आणि ब्राँझपदक त्याला मिळाले. सेकंदाचा एक शतांश म्हणजे त्या वेगाने जेमतेम दोन सेंटिमीटर अंतर. याच वीरधवलने २०१० साली ग्वांगझू येथे ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवले होते. खजानसिंग यांच्या १९८६ मधील रौप्यपदकानंतर चोवीस वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात मिळालेले ते पहिले पदक होते.

जकार्तातला तो एक शतांश नेमका कुठे गेला, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण ५० मीटरच्या शर्यतीचा हिशेब मांडला तर एक गोष्ट लक्षात येते. अव्वल दर्जाचा पोहणारा सुटल्यापासून पहिले १५ मीटर पार करतो, तेव्हा शर्यतीचा सुमारे चौथा हिस्सा वेळ संपलेला असतो. ब्लॉकवरून सुटताना त्याचा वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास असतो, तर पोहताना तो दोन-सव्वादोन मीटरवर येतो. म्हणजे जलतरणपटू सर्वांत वेगात असतो तो पोहायला लागण्यापूर्वी! हा वेग हातांपेक्षा पायांनी मिळवलेला असतो. म्हणूनच पाय कुठे ठेवायचे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत त्याची उत्तरे अनेकदा बदलली, आणि पायाखालची जागा बदलली तेव्हा ती सर्वांत जास्त बदलली.

होडी, तराफा आणि काठ

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यती पिरियसजवळच्या झेआच्या उपसागरात झाल्या. पाणी थंडगार होते. स्पर्धकांना होड्यांतून समुद्रात नेऊन सोडले जाई आणि त्यांनी किनाऱ्याकडे पोहत यायचे. हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशने अंगाला चरबी चोपडून १०० आणि १२०० मीटरच्या शर्यती जिंकल्या. अशा ठिकाणी पायाच्या ठेवणीचा विचार कोण करणार? गंमत अशी, की त्याच स्पर्धेत जमिनीवर अमेरिकेचा टॉमस बर्क हात टेकून, एक पाय पुढे व एक मागे ठेवून, वाकून बसला आणि १०० मीटर धावण्याची शर्यत जिंकला. बर्कची ती बैठक पोहणाऱ्यांपर्यंत पोहोचायला पाऊणशे वर्षे लागली.

१९०४ मध्ये सेंट लुइस येथे शर्यती एका कृत्रिम तळ्यात झाल्या आणि सुरुवात तराफ्यावरून झाली. स्पर्धकांच्या वजनाने तराफा डुचमळे, पाण्याखाली जाई. ज्या आधाराला रेटा द्यायचा तोच मागे सरकला, तर पायांतली ताकद वाया जाते. वल्ह्याच्या होडीतून उडी मारून पाहिलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी स्टेडियमच्या मैदानातच १०० मीटर लांबीचा तलाव बांधला गेला आणि पोहणाऱ्याच्या पायाखाली न हलणारा काठ आला. पायाची बोटे काठावर घट्ट वळवायची, गुडघे किंचित वाकवायचे, हात मागून पुढे फेकायचे आणि पाण्याशी जवळजवळ समांतर झेपावायचे, असा सूर पुढे रूढ झाला.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये स्टार्टिंग ब्लॉक आले. काठापेक्षा उंचावरून सुटल्यामुळे हवेतले अंतर वाढले. आजच्या नियमानुसार ब्लॉकची उंची पाण्यापासून ५० ते ७५ सेंटिमीटर असते, आणि त्याचा उतार दहा अंशांपेक्षा जास्त चालत नाही.

हातांनी ब्लॉक धरला तेव्हा

ब्लॉक आले तरी तंत्र बराच काळ जुनेच राहिले. इशारा झाला की पोहणारा दोन्ही हातांचा मोठा फेरा घेई आणि त्या झोकाने उडी घेई. फेऱ्याने जोर मिळे, पण फेरा पुरा होईपर्यंत वेळ जाई. १९६० च्या दशकात अमेरिकेत काहीजण वेगळे करून पाहू लागले. एरिक हॅनॉअर यांनी १९६७ मध्ये या नव्या पद्धतीवर लिहिले. दोन्ही पाय ब्लॉकच्या पुढच्या कडेला, हातांनी तीच कड घट्ट धरलेली, आणि इशारा होताच हातांनी ब्लॉक ओढून शरीर पुढे झोकायचे. ही ‘ग्रॅब स्टार्ट’. हातांचा झोक गेला, पण पोहणारा ब्लॉकवरून लवकर सुटू लागला. काही वर्षांतच ही पद्धत सर्वत्र पसरली.

जुनी पद्धत मात्र मेली नाही. रिले शर्यतीत येणारा सहकारी डोळ्यांसमोर दिसत असतो. त्याचा हात भिंतीला लागण्याचा अंदाज घेऊन आधीच फेरा सुरू करता येतो. तिथे वेळेचा तोटा नाही आणि झोकाचा फायदा पुरेपूर. म्हणून आजही रिलेत हातांचा फेरा दिसतो. तंत्र चांगले की वाईट, हे परिस्थितीवर ठरते.

एक पाय मागे

१९७० च्या दशकात बर्कची ती बैठक अखेर तलावावर आली. एका पायाची बोटे पुढच्या कडेवर, दुसरा पाय मागे, चवड्यावर, टाच उचललेली. धावपटूसारखी बैठक म्हणून तिला ‘ट्रॅक स्टार्ट’ म्हणतात. यात शरीराचा तोल अधिक पक्का राहतो. ग्रॅब की ट्रॅक, यावर प्रशिक्षक आणि अभ्यासक पुढची तीस वर्षे वाद घालत राहिले, पण सर्वमान्य निकाल लागला नाही. कारण सपाट ब्लॉकवर मागचा पाय मुख्यतः खालीच दाबतो. मागे रेटा द्यायला त्याला आधारच नव्हता.

तोलाचे महत्त्व मात्र नियमांनी वाढवले. पूर्वी कोणी इशाऱ्याआधी सुटला तर सुरुवात पुन्हा होई. पुढे पहिल्याच चुकीला बाद करण्याचा नियम आला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १०० मीटर मुक्तशैलीच्या एका प्राथमिक फेरीत तीनच स्पर्धक होते. त्यातले दोघे इशाऱ्याआधी सुटले आणि बाद झाले. विषुववृत्तीय गिनीचा एरिक मुसांबानी एकटाच पोहला आणि एक मिनिट ५२.७२ सेकंदांत कसाबसा भिंतीला लागला. जगाने त्याला डोक्यावर घेतले. बाद झालेल्या दोघांची मात्र कोणाला आठवण नाही. त्यांचे ऑलिंपिक पाण्यात पोहण्याआधीच संपले होते.

२००९ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने नव्या ब्लॉकला मान्यता दिली. त्याच्या मागच्या भागावर तीस अंशांत उभी केलेली एक तिरकी फळी होती. ती उंचीप्रमाणे पाच जागांवर पुढेमागे सरकवता येते. आता मागच्या पायाला टेकायला भिंत मिळाली. मागचा गुडघा साधारण काटकोनात ठेवून त्या फळीवर रेटा दिला की शरीर आडवे पुढे फेकले जाते. ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी २०१० मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना केली, तेव्हा तिरकी फळी वापरणारे लवकर सुटतात असे आढळले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे ब्लॉक वापरले गेले. तीस वर्षांचा वाद एका फळीने मिटवला. दोन्ही पाय पुढे ठेवणारे अव्वल स्पर्धक आता क्वचितच दिसतात. नियम फक्त इतकेच सांगतो, की ‘टेक युअर मार्क्स’ म्हटल्यावर किमान एक पाय ब्लॉकच्या पुढच्या कडेला हवा. हात कुठेही चालतात.

पाठीवर पोहणाऱ्यांची कथाही याच धर्तीची आहे. त्यांना पाण्यात राहून भिंतीला पाय लावूनच सुटावे लागते. वेळ मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या भिंतीवर आल्यावर पाय घसरण्याची तक्रार वाढली. अखेर पायांना आधार देणारी छोटी तिरकी पट्टी मंजूर झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वापरली गेली. तिथेही दोन्ही पायांची बोटे भिंतीला लागलेली असावी लागतात.

आपल्या तलावांवर

आपल्याकडे पोहणे शिकलेली एक अख्खी पिढी पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत उतरली. विहिरीच्या काठावरून मुटका मारणारी, सूर मारणारी पोरे गावोगाव होती. पाणी खोल असल्यामुळे सूर कसाही पडला तरी सहसा निभावून जाई. तलावाचे तसे नाही. ब्लॉकखाली पाणी किमान १.३५ मीटर खोल असावे, असा नियम आहे. उथळ टोकाला सरळ खाली घुसणारा सूर मानेवर बेततो. म्हणून चांगले प्रशिक्षक मुलाला आधी काठावर बसून, मग गुडघ्यावर, मग उभे राहून सूर शिकवतात. ब्लॉक सर्वांत शेवटी येतो.

आणि तो ब्लॉक कसा आहे, हा खरा प्रश्न आहे. आपल्या अनेक जुन्या तलावांवर अजून सिमेंटचे सपाट ओटे आहेत. तिथे रोज सराव करणारी मुलगी मोठ्या स्पर्धेला जाते, तेव्हा तिरकी फळी तिच्या मागच्या पायाखाली पहिल्यांदाच येते. फळी कोणत्या खाचेत बसवायची, गुडघा किती वाकवायचा, वजन पुढच्या पायावर किती आणि मागच्यावर किती, हे ती शर्यतीच्या दिवशी सकाळी ठरवते. तिची प्रतिस्पर्धी हेच हजारो वेळा करून आलेली असते. यात मेहनतीची कसूर नसते.

सुराचा इतिहास पाहिला तर पाय तेच राहिले. बदलला तो त्यांच्याखालचा आधार, आणि ज्यांना नवा आधार आधी मिळाला ते आधी पुढे गेले. एक शतांश सेकंदासाठी अख्खे आयुष्य पाण्यात घालवणाऱ्या मुलांना निदान सरावापुरती तरी तीच फळी मिळायला हवी, जी त्यांना शर्यतीत मिळणार आहे.