गोळी बरोबर होती, मग चुकलं कुठे?

ॲप चाललं नाही की आम्ही इंजिनिअर लोक पटकन म्हणतो, "यूजरने नीट वापरलं नाही." आजची गोष्ट याच वाक्याची.

२०१० साली 'आयप्रेक्स' चाचणीने दाखवलं, की रोजच्या एका गोळीने एचआयव्हीची लागण होण्याआधीच रोखता येते. पण त्या चाचणीत मुख्यतः पुरुष होते. बायकांचं काय?

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या ५,०२९ बायकांना घेऊन 'व्हॉइस' नावाची चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल आला: गोळीचा काहीच फायदा दिसत नाही!

औषध खोटं होतं? नाही. "रोज घेते," असं बहुतेक जणी सांगत होत्या. पण औषध दिलेल्यांचं रक्त तपासलं, तर जेमतेम ३० टक्के नमुन्यांत ते सापडलं. नंतर संशोधकांनी त्यांनाच विचारलं, तेव्हा भीती बाहेर आली. हीच गोळी एचआयव्हीच्या रुग्णांनाही देतात. घरात डबी दिसली तर नवरा काय समजेल? शेजारी काय बोलतील?

म्हणजे बदलायला हवी होती ती पद्धत, बायका नाहीत. आता लेनाकापाविर आलंय. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या त्वचेखाली इंजेक्शन, घरात डबी नाही. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुणींना ते दिल्याचा निकाल आला. लागण किती जणींना? शून्य.

एचआयव्हीवर लस अजून नाही. पण 'बायकांचीच चूक' म्हणून फाइल बंद झाली असती, तर हा शून्य दिसला असता का?